सूर्याचे डाग उतरणीला लागले, तरी चुंबकीय वादळं का थांबत नाहीत?

‘आज रात्री साडेबारा ते साडेतीन मोबाइल बंद ठेवा, उशाशी घेऊन झोपू नका, सूर्याकडून घातक किरण येणार आहेत.’ हा मेसेज दर काही महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर फिरतो. कराडच्या ग्रुपवरून विट्याच्या ग्रुपवर जातो, तिथून नातेवाइकांच्या. गेल्या दोन-तीन वर्षांत त्याला जोर चढला, कारण बातम्याही तशाच होत्या. १०-११ मे २०२४ ला पृथ्वीवर दोन दशकांतलं सर्वांत तीव्र भूचुंबकीय वादळ आलं आणि लडाखमध्ये हान्लेच्या आकाशात लाल झाक दिसली. ऑक्टोबर २०२४ मध्ये नासा आणि नोआ या अमेरिकी संस्थांनी जाहीर केलं की सूर्य त्याच्या चक्राच्या शिखराच्या काळात आहे. शिखर झालं म्हणजे आता उतार, असं बऱ्याच जणांनी गृहीत धरलं. तरी नोव्हेंबर २०२५ मध्ये आणखी एक मोठं वादळ आलंच.

मग हे चक्र नेमकं कशाचं? सूर्यावरचे डाग कमी झाले की पृथ्वीवरची वादळंही त्याच प्रमाणात कमी व्हायला हवीत ना? तशी होत नाहीत, आणि ती का होत नाहीत हे समजलं की या मेसेजमधला बराचसा भाग आपोआप गळून पडतो.

डाग, आणि अकरा वर्षांची चढउतार

सूर्य म्हणजे तापलेल्या, विद्युतभारित वायूचा प्रचंड गोळा. हा वायू सतत फिरतो आणि त्यातून चुंबकत्व तयार होतं. सूर्याचा मधला पट्टा ध्रुवांपेक्षा वेगाने फिरत असल्याने आतलं चुंबकीय क्षेत्र ताणलं जातं, पिळलं जातं आणि जागोजागी पृष्ठभागाबाहेर उसळतं. जिथे ते बाहेर येतं तिथे खालची उष्णता वर यायला अडते, तो भाग जरा थंड राहतो आणि आजूबाजूच्या झगझगाटात काळा दिसतो. हाच सौरडाग. त्यात चुंबकत्व असतं हे अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज हेल यांनी १९०८ मध्ये दाखवलं.

डागांची संख्या ठरावीक काळाने वाढते आणि घटते, हे त्याआधीच लक्षात आलं होतं. जर्मनीतल्या हाइनरिख श्वाबे या औषधविक्रेत्याने १८२६ पासून रोज सूर्य पाहिला. तो शोधत होता बुधाच्याही आतून फिरणारा एखादा ग्रह. ग्रह सापडला नाही, पण सतरा वर्षांच्या वह्या चाळताना डागांचा चढउतार हाती लागला. पुढे रुडॉल्फ वुल्फ यांनी जुन्या नोंदी जमवून १७५५ पासूनच्या चक्रांना क्रमांक दिले. सध्या पंचविसावं चक्र चालू आहे. ते डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं आणि सरासरीने पाहिलं तर ऑक्टोबर २०२४ च्या सुमारास त्याचं शिखर झालं.

चक्र सरासरी अकरा वर्षांचं असतं, पण ते कधी नऊत आटपतं, कधी चौदापर्यंत लांबतं. शिवाय प्रत्येक शिखराच्या सुमारास सूर्याचे उत्तर आणि दक्षिण चुंबकीय ध्रुव आपसात अदलाबदल करतात. त्यामुळे सूर्य चुंबकीयदृष्ट्या मूळ स्थितीला यायला दोन चक्रं, म्हणजे साधारण बावीस वर्षं लागतात.

तिथून इथपर्यंत काय येतं?

डाग स्वतः पृथ्वीपर्यंत काहीच पाठवत नाहीत. येतो तो सौरवारा. सूर्याच्या बाहेरच्या आवरणातून विद्युतभारित कणांचा एक प्रवाह सतत वाहत असतो, एरवी सेकंदाला साधारण चारशे किलोमीटर वेगाने, आणि तो सूर्याचं चुंबकत्व सोबत ओढत आणतो. डागांच्या गुंतागुंतीच्या भागात कधी कधी स्फोट होतो आणि अब्जावधी टन वायू चुंबकत्वासकट एकदम बाहेर फेकला जातो. याला सौर उद्रेक म्हणू. स्फोटाचा उजेड आपल्याकडे आठ मिनिटांत येतो, पण हा फेकलेला वायू यायला एक ते तीन दिवस लागतात.

पृथ्वीला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र आहे आणि ते या प्रवाहाला बहुतांशी बगल देतं. मात्र येणाऱ्या प्रवाहातल्या चुंबकत्वाची दिशा दक्षिणेकडे असेल, तर ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडलं जातं आणि ऊर्जा आत शिरते. मग पृथ्वीभोवती हजारो किलोमीटर उंचीवर विजेचा एक कंकणाकृती प्रवाह फोफावतो आणि जमिनीवरचं चुंबकीय क्षेत्र काही तास, कधी काही दिवस, हलतं. यालाच भूचुंबकीय वादळ म्हणतात.

सांगलीकरांना हे पटकन उमगेल. नवजा-महाबळेश्वरला किती मिलिमीटर पाऊस पडला हा एक आकडा, आणि आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आलं हा दुसरा. दोन्हींचा संबंध आहेच, पण वरच्या पावसावरून खालचे फूट सरळ काढता येत नाहीत. धरणातून विसर्ग किती आहे, हरिपूरच्या संगमावर वारणा फुगली आहे का, तिच्यामुळे कृष्णेला फुगवटा आला आहे का, यावर पाणी चाळीस फुटांच्या इशारा पातळीला टेकतं की पंचेचाळिसाच्या धोका पातळीवर जातं हे ठरतं. आणि वरचा पाऊस उघडल्यावरही विसर्ग चालू असेल तर नदी उतरायला वेळ घेते. सौरडाग म्हणजे वरचा पाऊस. पृथ्वीवरचं वादळ म्हणजे पुलाजवळचे फूट.

मुंबईत लिहिलेली एक नोंद

या विषयाचा एक महत्त्वाचा दस्तऐवज आपल्या महाराष्ट्रात तयार झाला, आणि त्याची माहिती आपल्याच लोकांना फार कमी आहे याचं मला वाईट वाटतं.

१ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन डागांचं चित्र काढत असताना त्यांना एका डागसमूहावर पांढऱ्या उजेडाचे लखलखाट दिसले. सतरा-अठरा तासांनी पृथ्वीवर वादळ धडकलं. युरोप-अमेरिकेत तारयंत्रांतून ठिणग्या उडाल्या आणि कित्येक ठिकाणची मोजणीयंत्रं मोजपट्टीबाहेर गेली. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत मात्र नोंद शाबूत राहिली. तिथे बारीक धाग्यावर टांगलेला चुंबक असे. तो किती वळला हे दुर्बिणीतून डोळ्यांनी पाहून माणूस वहीत आकडा लिही. एरवी तासातासाला आणि गडबड दिसली की काही मिनिटांच्या अंतराने. २ सप्टेंबरच्या सकाळी त्या वहीत क्षेत्राची आडवी तीव्रता सुमारे १६०० नॅनोटेस्लाने कोसळल्याची नोंद झाली. नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं फार लहान एकक आहे. आपल्या भागात पृथ्वीचं क्षेत्र अंदाजे चाळीस हजार नॅनोटेस्ला असतं, म्हणजे ही घट सुमारे चार टक्क्यांची झाली. मे २०२४ च्या वादळात जगभरच्या सरासरीने मोजलेली घट चारशेच्या थोडी वर होती. त्या दिवशी कुलाब्याला ज्या कुणाची पाळी होती, त्याने डोळे दुर्बिणीवरून हलवले नाहीत. त्याच्यामुळे आजही शास्त्रज्ञ १८५९ चं वादळ किती मोठं होतं याचा हिशेब मांडू शकतात.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे दिसू लागलं. ट्रामच्या विजेने मोजमाप बिघडलं असतं, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे काम अलिबागला हलवलं. जुन्या आणि नव्या जागेच्या आकड्यांचा मेळ बसावा म्हणून काही काळ दोन्हीकडे एकदमच नोंदी घेतल्या. इतकी काळजी घेतल्यामुळेच ही मालिका तुटली नाही. आता अलिबागचं काम भारतीय भूचुंबकत्व संस्था पाहते आणि तिचं मुख्यालय नवी मुंबईत, नवीन पनवेलला आहे.

उतरणीच्या वर्षांत काय होतं

डाग आणि पृथ्वीवरची चुंबकीय गडबड यांचं नातं एडवर्ड सॅबिन यांनी १८५२ मध्येच दाखवलं होतं. नातं खरं आहे. फक्त ते लंगडतं. डागांचा आलेख एक शिखर करून उतरतो. भूचुंबकीय गडबडीच्या आलेखाला बहुतेक वेळा दोन शिखरं असतात. एक डागांच्या शिखराच्या सुमारास, दुसरं त्यानंतर एक-दोन-तीन वर्षांनी.

पहिल्याचं कारण म्हणजे सौर उद्रेक. दुसऱ्यामागे मुख्यतः कोरोनल होल असतात. सूर्याच्या बाहेरच्या आवरणाला कोरोना म्हणतात. त्यात काही भागांत चुंबकीय रेषा परत सूर्याकडे न वळता अवकाशात उघड्या सुटतात, आणि तिथून सौरवारा एरवीच्या जवळजवळ दुप्पट वेगाने निघतो. उतरणीच्या वर्षांत अशी मोठी, टिकाऊ क्षेत्रं सूर्याच्या मध्याकडे पसरतात. सूर्य पृथ्वीवरून पाहता साधारण २७ दिवसांत एक फेरी घेतो, म्हणून तोच वेगवान झोत २७ दिवसांनी पुन्हा आपल्यावर येतो. डाग दिसत नसताना ठरावीक दिवसांनी येणाऱ्या या वादळांनी शास्त्रज्ञांना अनेक वर्षं चकवलं. अवकाशयानांनी सूर्याची क्ष-किरणांतली चित्रं पाठवली तेव्हा उलगडा झाला. पाऊस उघडल्यावरचा विसर्ग तो हाच.

मोठे उद्रेकही शिखरापुरते थांबत नाहीत. तेविसाव्या चक्राचं शिखर २०००-०१ च्या सुमारास झालं. त्या चक्रातलं सर्वांत खोल वादळ आलं २० नोव्हेंबर २००३ ला, आणि त्याआधीच्याच महिन्यात ‘हॅलोवीन वादळं’ येऊन गेली होती. म्हणून पंचविसाव्या चक्राचं शिखर सरलं एवढ्यावर निश्चिंत होऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

ऋतूचाही हात असतो. दिवस-रात्र समान असतात त्या मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास पृथ्वीचा कल असा येतो की सौरवाऱ्यातलं चुंबकत्व जोडलं जायला सोपं पडतं. त्या काळात वादळं जास्त होतात.

बावीस वर्षांचीही एक छटा या आलेखात सापडते. सम क्रमांकाच्या चक्राचा उत्तरार्ध आणि विषम चक्राचा पूर्वार्ध जास्त अशांत असण्याकडे कल असतो. आताचं चक्र विषम आहे, म्हणजे या कलाप्रमाणे उतरण सौम्य असावी. पण तेविसावंही विषमच होतं आणि २००३ त्याच्याच उतरणीत आलं, तेव्हा या कलाला मी फार वजन देणार नाही.

अकराच्या पलीकडे

सगळी चक्रं सारखी नसतात. १९५७-५८ ला शिखर गाठलेलं एकोणिसावं चक्र नोंदींमधलं सर्वांत जोरदार. २०१४ ला शिखरावर आलेलं चोविसावं गेल्या शंभर वर्षांतलं सर्वांत दुबळं. जोरदार आणि दुबळ्या चक्रांची ही लाट साधारण ऐंशी ते शंभर वर्षांची वाटते, तिला ग्लाइसबर्ग चक्र म्हणतात. अकरा वर्षांच्या चक्राइतकं ते पक्कं नाही, कारण दुर्बिणीने डाग मोजायला लागून जेमतेम चार शतकं झाली. त्या चार शतकांतही १६४५ ते १७१५ ही सत्तर वर्षं अशी होती की डाग क्वचितच दिसले.

पृथ्वीच्या बाजूचा सलग हिशेब १८६८ पासून मिळतो. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया या पृथ्वीच्या जवळपास विरुद्ध टोकांवरच्या वेधशाळांच्या नोंदींवरून ‘एए’ नावाचा निर्देशांक काढतात. त्यात दिसतं की १९०० च्या सुमाराची वर्षं फार शांत होती, पुढे पन्नास-साठ वर्षं गडबडीची पातळी चढत गेली, आणि २००९ मध्ये ती पुन्हा शतकापूर्वीच्या शांततेजवळ आली. डाग नसलेल्या वर्षांतली शांतताही सारखी नसते, ही यातली मोलाची गोष्ट. सौरवारा वाहतच असतो, आणि त्यातलं चुंबकत्व दशकानुदशके कमी-जास्त होतं.

एक खबरदारी मात्र हवी. दुबळ्या चक्रात वादळांची संख्या कमी होते, एखादं वादळ मोठं निघण्याची शक्यता मिटत नाही. १८५९ चं वादळ आलं ते दहावं चक्र काही फार मोठं नव्हतं.

सांगली-साताऱ्याला याचं काय?

ध्रुवांजवळच्या देशांना बसतो तसा फटका आपल्याला बसत नाही. १३ मार्च १९८९ ला कॅनडाच्या क्युबेक प्रांतात वादळामुळे साठ लाख लोकांची वीज नऊ तास गेली. जमिनीत उत्पन्न झालेला विद्युतप्रवाह लांब वाहिन्यांतून वीजयंत्रणेत घुसला होता. कोयनेहून निघणाऱ्या वाहिन्यांत असे प्रवाह येतात तेव्हा ते पुष्कळ क्षीण असतात, कारण आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ आहोत. ही रेषा भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते.

पण त्याच जवळिकीमुळे आपली एक वेगळी अडचण आहे. जमिनीपासून शंभर ते काहीशे किलोमीटरवर हवेचा विद्युतभारित थर असतो, त्याला आयनांबर म्हणतात. उपग्रहाकडून येणारा जीपीएसचा सिग्नल यातूनच उतरतो. चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना सूर्यास्तानंतर या थरात विरळ वायूचे बुडबुडे उठतात आणि सिग्नल थरथरतो. सूर्य जोरात असलेल्या वर्षांत आणि मार्च-एप्रिल, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या संध्याकाळी हे जास्त होतं.

रस्ता शोधणाऱ्या मोबाइलला दहा-पंधरा मीटरच्या फरकाने काही बिघडत नाही. मोजणीला बिघडतं. भूमी अभिलेख खात्याची मोजणी आता रोव्हरने, म्हणजे उपग्रहाच्या सिग्नलवरून जागा काढणाऱ्या यंत्राने होते. बांधावर काठी उभी करून यंत्राच्या पडद्यावर ‘फिक्स’ येण्याची वाट पाहतात. फिक्स म्हणजे जागा काही सेंटीमीटरपर्यंत पक्की झाली. आयनांबर बिथरलं की यंत्र ‘फ्लोट’वर अडकतं, म्हणजे जागा पक्की होत नाही, किंवा फिक्स येऊन परत जातं. झाडाची सावली, जवळची इमारत, नेटवर्क अशी इतर कारणंही असतातच आणि दिवसाढवळ्या बहुतेक वेळा तीच असतात. तरी मोठ्या वादळाच्या दिवशी हद्दीचा निकाल लावणारी मोजणी करायचीच असेल, तर ती दुसऱ्या वेळी पुन्हा पडताळून घ्यावी. उसावर ड्रोनने फवारणी करणाऱ्यांनीही त्या दिवशी ठरवून दिलेल्या मार्गावर ड्रोन सोडताना हात रिमोटवर ठेवावा. मे २०२४ च्या वादळात अमेरिकेतल्या मक्याच्या शेतकऱ्यांचे जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर ऐन पेरणीत अडले होते. आपल्याकडे तेव्हा फार त्रास झाला नाही, याचं एक कारण इस्रोने सांगितलं ते असं की वादळाचा मुख्य तडाखा आपल्या पहाटे आला आणि तेव्हा आयनांबर पुरतं भरलेलं नव्हतं. त्यात नशिबाचा भाग होता.

वादळाची चाहूल आता आपल्यालाही स्वतःहून लागते. सप्टेंबर २०२३ मध्ये सोडलेलं आदित्य-एल१ हे यान पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर, सूर्याच्या दिशेला आहे. त्याच्यावरून गेलेला सौरवारा आपल्यापर्यंत यायला अर्धा ते एक तास लागतो, आणि चुंबकत्वाची दिशा दक्षिणेकडे आहे का हे खात्रीने कळतं ते तिथेच.

‘मग कोयनेचे भूकंप?’

पाटण तालुक्यात हा प्रश्न हमखास येतो, आणि ११ डिसेंबर १९६७ ची पहाट ज्यांनी सोसली त्यांच्या घरात तो येणं साहजिकच आहे. सौर वादळांमुळे भूकंप होतात याला मान्य झालेला पुरावा नाही. कोयनेच्या धक्क्यांचा संबंध शिवसागर जलाशयात पाणी साठण्याशी आणि त्याची पातळी चढण्या-उतरण्याशी दिसतो. २००८-०९ मध्ये सूर्य कमालीचा शांत होता, तेव्हाही कोयनेचे लहान धक्के चालूच होते. त्यांचा अभ्यास करायला कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे, आणि त्यासाठी जमिनीत तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलेलं आहे.

‘आणि दुष्काळ?’

हा प्रश्न फार जुना आहे. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळात दख्खन होरपळत होतं आणि डागही तळाला जात होते. त्या वेळी विल्यम हंटर या ब्रिटिश अधिकाऱ्याने दक्षिण भारतातला दुष्काळ आणि सौरडागांचं चक्र यांची सांगड घातली. कल्पना मोहात पाडणारी होती. दुष्काळ आधी कळला असता तर केवढी माणसं वाचली असती! पुढे भारतीय हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी आकडेवारी तपासली, तेव्हा पावसाचं डागांशी असलेलं नातं इतकं क्षीण निघालं की त्यावर अंदाज बांधता येईना. आपल्या आठवणीतले दुष्काळ घेतले तरी तेच दिसतं. १९७२ आणि २००३ चक्राच्या उतरणीला, २०१२ शिखराच्या आधी, २०१८ तळाजवळ. माण, खटाव, जत, आटपाडीच्या पावसाचा अंदाज डागांवरून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

तापमानवाढीचंही थोडक्यात सांगतो. चक्राच्या तळापासून शिखरापर्यंत सूर्याच्या एकूण ऊर्जेत फरक पडतो साधारण ०.१ टक्का. १९८० च्या दशकापासून सूर्याचा जोर एकंदरीत उतरत गेला आणि पृथ्वी तापतच गेली.

मोबाइल उशाशी ठेवण्याबद्दल: जमिनीवरच्या माणसाला भूचुंबकीय वादळाने इजा होत नाही. वातावरण त्या कणांना वरच अडवतं. काळजी करायची ती उपग्रहांची. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका साध्याशा वादळाने वरची हवा तापून फुगली आणि नुकत्याच सोडलेल्या ४९ पैकी ३८ स्टारलिंक उपग्रहांना ती अडथळा होऊन ते खाली येऊन जळाले.

पुढचं चक्र कसं असेल?

डागांवरून वादळं सांगणं अवघड आहे, पण उलटं बऱ्यापैकी जमतं. सोव्हिएत शास्त्रज्ञ ओल यांनी १९६६ मध्ये दाखवलं की चक्राच्या तळाला पृथ्वीवरची चुंबकीय गडबड जितकी कमी, तितकं पुढचं चक्र दुबळं. कारण तळाला आपल्यापर्यंत येणारं चुंबकत्व मुख्यतः सूर्याच्या ध्रुवांकडचं असतं, आणि पुढच्या चक्राचे डाग त्याच चुंबकत्वातून घडतात. २००९ ची खोल शांतता आणि मागून आलेलं दुबळं चोविसावं चक्र या नियमात नीट बसतात. आताच्या चक्राचा तळ साधारण २०३० च्या आसपास अपेक्षित आहे. त्या सुमारास सूर्याकडे पाहण्यासारखं फारसं काही नसेल, बातम्याही नसतील. सव्विसावं चक्र कसं असेल याचा अंदाज बांधायला तेव्हा अलिबागसारख्या वेधशाळांचे रोजचे, एक-दोन नॅनोटेस्लांनी हलणारे आकडे उपयोगी पडतील.